दोन, तीन, सात

एंडेल, तुमचा ट्रान्सफॉर्मर मी उकलला.
पिवळी टेप सुटत गेली कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
आतले वेढे नखाने मोजले, एकेक,
हाप्सालूच्या या कार्यशाळेत, जिथं दुपारी साडेतीनलाच अंधारतं
आणि खिडकीत तुमचा चहाचा डबा अजून तसाच आहे.

व्होर्म्सी बेटापलीकडे आपला बोया लाटा मोजतो.
त्याच्या पोटात तीन भुका:
आकडेमोड करणाऱ्या चिपला सव्वातीनच्या किंचित वर,
सेन्सरना पाच,
आणि तासातून एकदा किनाऱ्याला हाक मारायची तर
रेडिओला बारा व्होल्ट.
बॅटरी एक.
डिसेंबरात ऊन म्हणजे ऐकीव गोष्ट.

तुम्ही कान दिलात फक्त पाचाला.
फीडबॅकची तार तिथूनच निघते.
पाच म्हणेल ते खरं, बाकीच्यांनी
आपापल्या वेढ्यांच्या मानानं समजून घ्यायचं.
पण रेडिओ गप्प असला की
बाराची ओळ रिकामटेकडी. चढते.
तेरा, चौदा, पंधराला टेकते,
प्रत्येक ठोक्याच्या अणकुचीदार शेंड्यावरून
थेंब थेंब वेचत,
आणि पाचाला पत्ताच नाही.

म्हणून तुम्ही तिच्या गळ्यात लोढणं बांधलंत:
एक रेझिस्टर, चारशे सत्तर ओहम,
काहीएक न करता दिवसरात्र तापणारा.
मी हिशोब मांडला.
झोपलेल्या बोयाला लागतात चाळीस मिलिवॅट.
त्याला शांत ठेवायला तीनशे.

फोनवर तुम्ही हसलात:
"त्रीनू, दात कोरून पोट भरत नाही."
एंडेल, या पाण्यात, या महिन्यात
दात कोरूनच भरायचं असतं.

मग वही.
पाचात डायोडचा अर्धा मिळवला, साडेपाच.
ते तीन वेढ्यांत बसवले.
दोन वेढ्यांत येतात तीन सदुसष्ट,
डायोडनं जकात कापली की तीन सत्तावीस. चालेल.
सात वेढ्यांत बारा, वर चिमूटभर.
दोन, तीन, सात.
अर्धा वेढा नसतो. तार गाभ्यातून गेली
किंवा नाही गेली;
निम्मं जाणं फेराइटला कळत नाही.

तुमच्या गुंडाळ्या शेजारी-शेजारी होत्या, भाडेकरूंसारख्या.
मी त्या एकमेकींच्या खांद्यावर चढवल्या:
दोन वेढे;
त्यांच्या टोकाला अजून एक, झाले पाच व्होल्ट;
त्याच्याही पुढं चार, झाले बारा.
सगळ्यांचं ओझं सर्वांत खालचीवर,
म्हणून तिच्यासाठी तार नाही, तांब्याची पट्टी.
प्रायमरी अर्धी आत, अर्धी बाहेर,
मध्ये ही तिघं, काळ्या पावात खारवलेल्या माशांसारखी.
आणि कान दोन केले:
पाचाचं म्हणणं बारा आणे,
बाराचं चार आणे.

मीटर लावला. बारा पूर्णांक चार.
रेझिस्टर सोल्डरच्या टोकानं उचलून
बशीत टाकला. टिक् वाजलं.
बारा पूर्णांक सात.
आणि तिथंच थांबली.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प.
मला वाटलं, लागलं मनाला.
मग म्हणालात,
"पेटीतलं दव आता कोण वाळवणार?"

तुमच्या टिपणांत हे कुठंच नव्हतं:
दोन हिवाळ्यांनंतर तुम्ही पेटी उघडलीत,
सगळीकडे हिरवट बुरशी धरलेलं तांबं,
फक्त रेझिस्टरभोवती
तळहाताएवढी जागा कोरडी.
"तेव्हापासून काढायचा धीर झाला नाही, बघ."

मी वॉर्निशचे दोन हात दिले,
सिलिकाच्या चार पुड्या कोंबल्या,
आणि बोया गेला.

जानेवारी. दर तासाला एक ओळ येते:
३.२८, ५.०१, १२.७, आर्द्रता ६८.
मी पहिले तीन आकडे वाचते.
तुम्ही रोज संध्याकाळी फोन करून
चौथाच विचारता.

काल सांगितलं, एकाहत्तर.
तुम्ही "हं" म्हणालात.
बशीतला रेझिस्टर मी हातात घेतला,
दोन्ही पाय सरळ केले.
परत ठेवला नाही अजून.